कोरोनाकाळातील परीक्षा : आपला अनुभव लिहा

२०२१ साली दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली आणि नववीच्या निकालाला ५०, दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनाला ३० व तोंडी, प्रात्यक्षिक, अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण असे सूत्र ठरले. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. एवढ्या निकालानंतर अन्यायाची चर्चा कशाला, असे वाटू शकते. परंतु उत्तीर्ण होणे निराळे आणि केलेल्या अभ्यासाला न्याय मिळणे निराळे. नाशिक शहर व जिल्ह्यातील विद्यार्थी, पालक आणि शिक्षकांनी या काळातील कोणत्याही परीक्षेविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शिक्षिका, सिडको :
मी शाळेच्या निकाल समितीवर होते. या तुकडीची नववी मुळातच अर्धवट राहिली होती. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, दुसऱ्या सत्राची परीक्षा झालीच नाही आणि मुले पहिल्या सत्राच्या गुणांवर दहावीत आली. म्हणजे ज्या परीक्षेकडे घरोघरी सराव म्हणूनच पाहिले जाते, तिच्यावर दहावीचे निम्मे गुण ठरले. माझ्या वर्गातील एक मुलगा त्या सत्रात टायफॉइडने अंथरुणाला खिळला होता. दहावीत मात्र तो वडील कामावरून परतल्यावर त्यांच्या मोबाइलवरून रोज भूमितीच्या वहीचे फोटो पाठवी. वर्तुळाच्या मध्याशी कंपासाने पडलेले भोकसुद्धा त्यांत दिसे. त्या मेहनतीचे गुण तिसांच्या रकान्यात मी दिले, पन्नासांच्या रकान्यात काहीच बदलता येत नव्हते.

पालक, नाशिकरोड :
अकरावी प्रवेशासाठी २१ ऑगस्ट २०२१ रोजी सीईटी ठरली होती. ती उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला रद्द केली. मुलीची तयारी वाया गेली याचे दुःख झाले, तरीही राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावरची परीक्षा इतर मंडळांच्या मुलांना जाचक ठरते, हा आक्षेप मला रास्त वाटतो.

विद्यार्थिनी, सुरगाणा तालुका :
२०२० ची वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा ३ मेवरून २६ जुलैला आणि पुढे १३ सप्टेंबरला गेली. परीक्षा पुढे ढकलली की सर्वांनाच वेळ मिळतो, असे तेव्हा सगळे म्हणत. नाशिकचे वसतिगृह बंद झाल्यावर मी छापील नोट्स घेऊन गावी आले. शहरातल्या मैत्रिणी त्या वाढीव महिन्यांत ऑनलाइन सराव परीक्षा देत होत्या आणि माझ्याकडे शंका विचारण्यापुरतीही रेंज नव्हती. माझ्यासारखीला प्रत्येक नवी तारीख आणखी मागे टाकत होती.

विद्यार्थी, ओझर :
आमची २०२२ ची दहावी प्रत्यक्ष झाली. लिहिण्याची सवय सुटलेली असल्याने मोठ्या पेपरला मिळालेला जादा अर्धा तास आणि आपल्याच शाळेतील केंद्र, या दोन्हींचा मला खरोखर आधार झाला. अभ्यासक्रमही पंचवीस टक्के कमी होता. मात्र अकरावी विज्ञानला गेल्यावर तोच वगळलेला भाग आम्हाला येतो असे धरून शिकवणे सुरू झाले, आणि तो कोणी कधी शिकवलाच नाही.