सोमवार उजाडला की प्रिंटर 'ऑफलाइन'

प्रश्न
मी हिशेबाचं काम बघते, आयटीचं नाही. पण एकदा कुणाची तरी कीबोर्डची वायर नीट खोचून दिली आणि तेव्हापासून ऑफिसातलं प्लग असलेलं सगळं माझ्या गळ्यात आहे. आम्ही आठ जण, लेझर प्रिंटर एकच, लॅन केबलने राउटरला जोडलेला. आठवडाभर गुण्यागोविंदाने चालतो. सोमवारी सकाळी मात्र सगळ्यांकडे 'ऑफलाइन', आणि प्रिंटरच्या पडद्यावर ठळक 'रेडी'! मग मी एकेका मशीनवरून प्रिंटर काढून परत अ‍ॅड करते. तासभर जातो. या सोमवारी आधी प्रिंटरच्या पत्त्याला पिंग करून (नेटवर्कवरून हाक मारून) पाहिलं, तर १९२.१६८.१.१७ कडून उत्तर येत होतं. म्हणजे नेटवर्क ठीकच ना? विंडोज १० आहे.

उत्तर १
ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) काढून नवा टाका.

उत्तर २
ड्रायव्हरला वार कळत नाही हो. शनिवारी निघताना कुणी मेन स्विच बंद करतं का? तसं असेल तर राउटर आणि प्रिंटर दोन्ही बंद पडतात. सोमवारी जो आधी उठेल त्याला राउटर मोकळा पत्ता (आयपी) देऊन टाकतो. कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर पानं पाठवत बसतात.

आणि पिंगला उत्तर दिलं ते प्रिंटरनेच कशावरून? प्रिंटरच्या मेनूतून कॉन्फिगरेशनचं पान छापा आणि त्यावरचा आयपी ताडून बघा. त्याच पानावर मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक असतो. तो राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) सेटिंगमध्ये देऊन प्रिंटरचा पत्ता राखून ठेवा. पत्ता प्रिंटरमध्येच पक्का करायचा असेल तर राउटर वाटतो त्या पट्ट्याबाहेरचा घ्या, नाहीतर एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं होतात.

एखादं मशीन जुन्या पत्त्यावर अडकलं असेल तर प्रिंटर काढू नका. प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, अ‍ॅड पोर्ट, तिथे 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' घेऊन नवा पत्ता लिहा. बास.

उत्तर ३
दुसऱ्या उत्तराशी सहमत. फक्त पोर्टच्या यादीत 'डब्ल्यूएसडी' (विंडोज आपणहून प्रिंटर शोधून जोडतं तो पोर्ट) दिसलं तर तेही बदला, मला त्याने फार छळलंय. पान छापून येतं पण 'ऑफलाइन' काही जात नाही, असं झालं तर 'कॉन्फिगर पोर्ट'मध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची (प्रिंटरची स्थिती विचारत राहण्याची) खूण काढा.

प्रश्नकर्ती
मेन स्विच बंद करणारी मीच! शनिवारी शेवटी निघते, शिस्त म्हणून.

पान छापलं, प्रिंटरचा पत्ता निघाला १९२.१६८.१.२३. राउटरच्या यादीत १७ वर कुणाचा तरी मोबाइल बसलाय, म्हणजे मी सोमवारी त्याच्याशी पिंग-पिंग खेळत होते. आता २३ राखून ठेवला. सोमवारी प्रिंटर परत अ‍ॅड केल्यामुळे सात मशीन्सवर तोच पत्ता होता, त्यामुळे तिथे हातही लावावा लागला नाही. राउटर आणि प्रिंटर मुद्दाम बंद-चालू केले, तरी पान आलं.

आठवं मशीन सोमवारपासून रजेवर असलेल्या सहकाऱ्याचं, म्हणून मी ते सोडून दिलं होतं. आज तिथला पोर्ट बदलला आणि मी काही न छापताच प्रिंटर घरघरला. निघण्याआधी त्याने वैतागून सहा वेळा प्रिंट दिली असणार. एकापाठोपाठ सहा रजेचे अर्ज बाहेर आले.