जुनी गाडी कितीला ‘धरली’?

जुनी गाडी देऊन दुसरी वापरलेली गाडी घेताना डीलर आपल्या गाडीला जी किंमत लावतो, तिच्यासाठी मराठीत नेमका शब्द कोणता? बोलताना आपण सगळे ‘एक्स्चेंज व्हॅल्यू’ म्हणून मोकळे होतो. माझा वाद मात्र दोन अगदी साध्या मराठी शब्दांवरून झाला, म्हणून इथे विचारतोय.

फोनवर मला सांगितलं होतं, “तुमची गाडी इतक्यापर्यंत धरू.” मी आकडा वहीत लिहून घेतला. ‘पर्यंत’ लिहिलं नाही आणि ‘धरू’ही लिहिलं नाही. ठरल्या दिवशी गाडी घेऊन गेलो. तपासणाऱ्याने रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र डाव्या मागच्या दारावर टेकवलं, आकडा बघितला, मग पुढच्या दारावर टेकवलं, परत मागच्या. म्हणाला, “टचिंग झालंय,” म्हणजे तिथे पुन्हा रंग मारलाय. ते दार एकदा घासलं होतं आणि तसं मी फोनवरच सांगितलं होतं. तरी त्याचे पैसे कापले, मग टायरचे कापले, आणि बघता बघता फोनवरच्या आकड्यातला पाचवा हिस्सा गेला. मी म्हटलं, तुम्ही शब्द फिरवलात. ते म्हणाले, आम्ही ‘पर्यंत’ म्हणालो होतो. आठवून पाहिलं, तर खरंच तसंच म्हणाले होते. सौदा मोडून मी परत आलो. राग अजून आहे, पण आधी हे शब्द नीट समजून घ्यायचे आहेत.

प्रतिसाद १

‘मोबदला’ सुचवतो. बदल, बदला, बदली हे शब्द अरबीतल्या ज्या धातूपासून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले, त्याच घरातला हा शब्द. मूळ अर्थच एकमेकांत केलेली अदलाबदल. वस्तू देऊन वस्तू घेण्याच्या व्यवहाराला याहून जवळचा शब्द सापडणं अवघड आहे.

प्रतिसाद २

व्युत्पत्ती मान्य, पण शब्द आता तिथे राहिला नाही. ‘मोबदला’ म्हटलं की जमिनीच्या बदल्यात किंवा कामाच्या बदल्यात मिळालेले पैसे डोळ्यांपुढे येतात. म्हणजे हातात पडणारे पैसे. इथे हातात काहीच पडत नाही, दुसऱ्या गाडीच्या किमतीतून तेवढे वजा होतात. त्यासाठी आपल्याकडे ‘वळते करणे’ हा रुळलेला प्रयोग आहे. बँक खात्यातून हप्ता वळता करते, उचल पगारातून वळती होते. मग ‘वळती किंमत’ का म्हणू नये? ऐकणाऱ्याला लगेच कळतं की ही रक्कम खिशात येणार नाही, हिशेबात जाणार आहे.

प्रतिसाद ३

डीलर लोक या वेळी ‘घसारा’ही फार वापरतात. “साहेब, घसारा वजा जाता एवढीच बसते.” तो वापर मला चुकीचा वाटतो. घसारा हा जमाखर्चाचा शब्द आहे. १०० ची गाडी दरसाल २० टक्के घसाऱ्याने स्थिर हप्ता पद्धतीत (दरवर्षी मूळ किमतीवर) ५ वर्षांनी शून्यावर येते, ऱ्हासमान शेष पद्धतीत (दरवर्षी उरलेल्या किमतीवर) तिचे सुमारे ३३ उरतात. गाडी तीच, झीजही तीच. वहीतल्या या आकड्याचा बाजारात मिळणाऱ्या भावाशी संबंध असेलच असं नाही. बाजारात किंमत पडते, भाव उतरतो. तिथे तेच शब्द वापरावेत. घसारा म्हटलं की समोरचा माणूस काही नियमाने बोलतोय असं वाटतं आणि आपण घासाघीस करायची थांबतो.

तपासणीनंतर जे कापतात त्याला मात्र जुना ‘बट्टा’ शोभेल. निरनिराळ्या टांकसाळींची नाणी चालत, तेव्हा झिजलेलं किंवा कमी चलनाचं नाणं बदलून देताना सराफ बट्टा कापत. जुनं देऊन चालू घ्यायचं, म्हणून मधे कपात. व्यवहार अगदी याच जातीचा आहे. डागाचा अर्थ त्याला नंतर चिकटला असावा, तोही इथे गैरलागू नाही.

प्रतिसाद ४

मूळ प्रश्नातल्या दोन शब्दांकडे कुणी वळलंच नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

‘पर्यंत’ने मर्यादा कळते. “दहापर्यंत येतो” म्हणणारा नऊला आला तरी शब्द पाळतो. किमतीला ‘पर्यंत’ लावला की बोलणारा वरची हद्द सांगत असतो, आणि ज्याला विकायचं आहे त्याच्या कानाला मात्र तो आकडा खात्रीचा वाटतो. त्यामुळे ‘पर्यंत’ ऐकला की लगेच उलट विचारावं, “आणि कमीत कमी?” या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर आकडा सांगितलाच नाही असं समजावं.

‘धरणे’ त्याहून बारीक आहे. गणितात आपण “ती संख्या क्ष धरू” म्हणतो, म्हणजे गृहीत. “पाहुणे पन्नास धरा” म्हणजे अंदाज. जुनी गाडी अमुकला ‘धरली’ हा प्रयोग सगळीकडे ऐकू येतो आणि तो अतिशय प्रामाणिक आहे, कारण ती किंमत खरोखर धरलेलीच असते! समजा दुसरी गाडी १०० ला आहे आणि तुमची ४० ला धरली. वर द्यायचे ६०. आता तुम्ही हटून बसलात, डीलरने तुमची ५० ला धरली आणि आपली ११० ला सांगितली. वर द्यायचे ६०च. तुम्ही जिंकल्यासारखे घरी येता. नव्या गाडीला निदान छापील किंमत असते, वापरलेल्या गाडीला तीही नाही. दोन्ही टोकं मोकळी असताना एकाच टोकाला धरून ओढण्यात काय हशील?

म्हणून “कितीला धरता?” हा प्रश्नच सोडावा. “वर किती?” हा आपला जुना, दोन शब्दांचा प्रश्न विचारावा. खिशातून जाणार आहे ते तेवढंच.

प्रतिसाद ५

जुन्या गाडीवर कर्ज बाकी असेल तर ‘वर किती’ही पुरत नाही. तिथे ‘बोजा’ हा शब्द स्पष्ट उच्चारावा. धरलेल्या किमतीतून आधी बोजा फिटतो, मग उरलं तर वळतं होतं. बोजाच मोठा असेल, तर उरलेलं देणं नव्या कर्जात मिसळलं जाऊ शकतं आणि कागदावर ते वेगळं दिसेलच असं नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘वळती किंमत’ मला पटला. उद्या दुसरीकडे जातोय, तिथे गाडी तपासून झाल्यावर हे वाक्य लिहून मागणार आहे: “तुमची गाडी तपासून पाहिली असून ती अमुक इतक्या वळत्या किमतीस धरण्यात येईल, वर द्यावयाची रक्कम अमुक.” काही सुधारायचं असेल तर सांगा.

प्रतिसाद ६

‘धरण्यात येईल’ खोडा. ‘घेतली आहे’ लिहा, आणि खाली तारीख घालून सही घ्या.