ईसीजी चांगला असतानाही स्ट्रेस टेस्ट कशासाठी, आणि तिथे नेमके काय होते?

प्रश्न

माझे वय ५२ आहे. गेल्या दोन महिन्यांत जिना भरभर चढताना छातीच्या मधोमध जडपणा जाणवला आणि थांबल्यावर तो एक-दोन मिनिटांत ओसरला, असे तीन-चार वेळा झाल्याने हृदयरोगतज्ज्ञांना दाखवले. झोपवून काढलेला ईसीजी चांगला आला, तरीही त्यांनी पुढच्या आठवड्यात ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट करायला सांगितली आहे. ईसीजीत काही नसताना चालवून वेगळे काय कळणार, आणि ज्या हृदयाबद्दल शंका आहे त्यालाच मुद्दाम दमवण्यात धोका नाही का? शिवाय माझा उजवा गुडघा दुखतो, आणि रक्तदाबासाठी रोज घेत असलेली मेटोप्रोलॉलची गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही, हे विचारायचे राहूनच गेले.

प्रतिसाद १

मी बरीच वर्षे याच तपासणीच्या खोलीत तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या जिन्यातच आहे. हृदयाची एखादी रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली असली, तरी स्वस्थ पडलेल्या माणसाच्या हृदयाला लागते तेवढे रक्त तिच्यातून मिळत राहते आणि ईसीजी निर्दोष दिसतो. श्रम वाढून मागणी वाढली, की मगच पुरवठा अपुरा पडतो. जिन्यावर जे घडते तेच आम्ही ईसीजी चालू ठेवून घडवून पाहतो.

छातीची त्वचा खरखरीत पट्टीने घासून, गरज पडल्यास तिथले केस काढून, दहा इलेक्ट्रोड चिकटवतात. पुरुषांची निम्मी कुरकुर या घासण्याबद्दलच असते. हातापायांवरचे इलेक्ट्रोड खांद्याजवळ आणि पोटाच्या खालच्या बाजूला लावतात, म्हणजे चालताना वायरी हेलकावत नाहीत. त्यानंतर सर्वाधिक वापरली जाणारी ब्रूस पद्धत असेल, तर पट्टा ताशी २.७ किलोमीटर वेगाने आणि १० टक्के चढावर सुरू होतो, आणि दर ३ मिनिटांनी वेग व चढ दोन्ही वाढतात. तिसऱ्या टप्प्यात वेग ५.५ किलोमीटर आणि चढ १४ टक्के होतो; तिथे बोलता बोलता माणूस गप्प होतो. प्रत्येक टप्प्यात रक्तदाब मोजला जातो.

२२० वजा वय हा कमाल हृदयगतीचा ढोबळ अंदाज, म्हणजे तुमच्यासाठी १६८, आणि त्याच्या ८५ टक्के म्हणजे मिनिटाला साधारण १४३ ठोके गाठण्याचा प्रयत्न असतो. मात्र छातीत दुखले, चक्कर आली किंवा पाय चालेनासे झाले, तर त्याआधीही थांबवता येते. एवढे मात्र लक्षात ठेवा, की समोरच्या दांडीवर भार टाकून चालू नका, बोटे टेकवली तरी पुरे. दांडीला लटकलेला माणूस कागदावर प्रत्यक्षापेक्षा दणकट दिसतो.

धोक्याबद्दल बोलायचे तर झटका किंवा मृत्यू यांसारखी गंभीर गुंतागुंत दर दहा हजार तपासण्यांमागे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होते, आणि ती हाताळायची साधने खोलीतच असतात. पण बसल्या जागी दुखू लागले, दुखण्याची वेळ वाढली किंवा कमी श्रमात दुखू लागले, तर पुढच्या आठवड्याची वाट न पाहता तातडीच्या विभागात जा. अशा अवस्थेत ही तपासणी करतच नाहीत.

प्रतिसाद २

मी दोन वर्षांपूर्वी या तपासणीतून गेले. मला त्रास झाला तो चालताना नव्हे, अहवाल हातात आल्यावर. त्यावर ‘पॉझिटिव्ह’ असे छापलेले होते आणि ते वाचून क्षणभर वाटले, चला, चांगले झाले. या अहवालात निगेटिव्ह म्हणजे दोष दिसला नाही. माझ्या आलेखात एसटी नावाचा भाग एक मिलिमीटरहून अधिक खाली गेला होता. नंतरच्या अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. स्त्रियांमध्ये असा फसवा पॉझिटिव्ह अधिक आढळतो, असे डॉक्टरांनी तेव्हा सांगितले; आधी सांगितले असते तर चार रात्री झोप लागली असती.

पट्टा थांबल्यावर लगेच उठून जाता येत नाही, हेही सांगते. मला पलंगावर बसवून आणखी काही मिनिटे ईसीजी आणि रक्तदाब पाहत होते, कारण काही बदल श्रम थांबल्यानंतरच उमटतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. निगेटिव्ह आला तर मग निर्धास्त राहायचे का? आणि गुडघ्याचे काय?

प्रतिसाद १

निर्धास्त नाही. रक्तप्रवाह अडवण्याइतका अरुंदपणा या तपासणीत सापडू शकतो, तोही दर वेळी सापडतोच असे नाही; रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला साचलेला, प्रवाह न अडवणारा चरबीचा लहान थर मात्र तिला दिसत नाही आणि तोच फुटून झटका येऊ शकतो. म्हणून रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचा हिशेब निगेटिव्ह अहवालानेही मिटत नाही. एकट्या आलेखावर डॉक्टर निकाल देत नाहीत. तुम्ही किती मिनिटे चाललात, जिन्यावरचा तोच जडपणा पट्ट्यावर आला का, रक्तदाब वाढण्याऐवजी उतरला का, हेही ते पाहतात. त्यामुळे जडपणा आला तर ‘आणखी थोडे चालतो’ असे न म्हणता त्याच क्षणी सांगा.

गुडघ्याबद्दल आजच फोन करून कळवा. चालणे जमण्यासारखे नसेल, तर डोब्युटामिनसारखे औषध शिरेतून देऊन हृदयाचा वेग वाढवतात आणि सोनोग्राफीने भिंतींची हालचाल पाहतात, किंवा रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध देऊन स्कॅन करतात. या दुसऱ्या प्रकाराआधी साधारण २४ तास चहा, कॉफी पूर्ण बंद ठेवावी लागते, कारण कॅफीन त्या औषधाचा परिणाम मारते. ट्रेडमिलसाठी दोन-तीन तास आधी काही न खाणे आणि पायात नेहमीचे चालण्याचे बूट असणे, एवढे बहुधा पुरते.

मेटोप्रोलॉल हृदयगती दाबून ठेवते, त्यामुळे १४३ चा आकडा गाठलाच जात नाही आणि तपासणी अर्धवट ठरते. म्हणून निदानासाठी ती एक-दोन दिवस आधी थांबवायला सांगण्याची पद्धत आहे. तरीही ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, कारण अचानक सोडल्यास छातीतले दुखणे उलट बळावू शकते. त्याच फोनवर हेही विचारून घ्या.