प्रोस्टेट: बोन स्कॅन झालाय, आता पीएसएमए पेट स्कॅन सांगितलाय, करावा का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आमचे आप्पा ७१ वर्षांचे, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) २४ आला, बायोप्सीत ग्लीसन ४+४ निघाला, म्हणजे जोरात वाढणाऱ्या जातीचा कॅन्सर. बोन स्कॅनमध्ये डाव्या बरगडीवर एक ठिपका दिसतोय. डॉक्टर म्हणतात तो कॅन्सरचाच असेल असं नाही, आधी पीएसएमए पेट करून या मग ऑपरेशन की रेडिएशन ते ठरवू. भाऊ म्हणतो एक स्कॅन झालाय ना, मग परत दुसरा कशाला, आणि आई घाबरलीय की अंगात रेडिओअ‍ॅक्टिव्ह औषध टोचणार, घरात माझी दोन वर्षांची पोरगी आजोबांच्या मांडीवरून उतरत नाही. आप्पा काही बोलत नाहीत, नुसती फाईल उघडून तो ठिपका बघत बसतात. खरंच फरक पडतो का या स्कॅननं?

गॅमावाला:
मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण रोज हेच काम. बोन स्कॅनचं औषध हाड जिथे नव्यानं भरून येतंय तिथे जाऊन बसतं, त्यामुळे जुनी मोडलेली बरगडी, झिजलेला गुडघा, सगळंच उठून दिसतं. आप्पा कधी पडले होते का ते आधी विचारा. पीएसएमएचं औषध वेगळं, प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर त्या नावाचं प्रथिन भरपूर असतं त्यालाच ते चिकटतं, मग पेशी हाडात असो की लिम्फ नोडच्या गाठीत. त्यात रेडिओअ‍ॅक्टिव्ह गॅलियम-६८ असेल तर ते दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं, साठवून ठेवताच येत नाही, पेशंटच्या वेळेप्रमाणे बनवतात, म्हणून कृपा करून वेळेवर पोचा. टोचल्यावर तासभर बसवतात, पाणी पाजतात, लघवीला जाऊन आलं की मशीनवर. बारा तासांत त्याचा हजारावा हिस्साही अंगात उरत नाही. पोरीला त्या दिवशी मांडीवर देऊ नका, बाकी सेंटर सांगेल तसं. आणि हार्मोनचं इंजेक्शन सुरू झालं असेल तर ते आवर्जून सांगा, त्यानं चित्र बदलू शकतं.

नाशिकची_लेक:
दादा, एकच सांगते, रिपोर्ट हातात यायच्या आधी सीडी लावून बघू नका. आम्ही बघितली. बाबांच्या कानाखाली, डोळ्यांपाशी, दोन्ही किडन्या, सगळं काळंकुट्ट, माझ्या भावाला रडू आवरेना, आम्हाला वाटलं सगळीकडे पसरलं. डॉक्टरांनी सांगितलं की लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी, किडन्या हे औषध घेतातच, ते नॉर्मल आहे. बाबांची हाडं स्वच्छ निघाली, पण ओटीपोटात एक ६ मिमीची गाठ सापडली जी सीटीत कुणी धरलीच नव्हती, त्यामुळे रेडिएशनचा भाग वाढवून तीही आत घेतली. स्कॅन केला नसता तर ती बाहेरच राहिली असती, हे आठवलं तरी अंगावर काटा येतो.

यारा_काठचा:
मी मेलबर्नला असतो. इथे ऑस्ट्रेलियात १० हॉस्पिटलांत ३०२ जास्त रिस्कच्या पेशंटवर ट्रायल झाली होती, २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये आली. आजार पसरलाय का हे ओळखण्यात पीएसएमए पेट ९२ टक्के बरोबर, सीटी आणि बोन स्कॅन मिळून ६५ टक्के. आईंना हे सांगा की त्यात रेडिएशनही कमी पडलं, ८.४ मिलिसिव्हर्ट, आणि जुन्या दोन स्कॅनचं मिळून १९.२. पण हाही स्कॅन देववाणी नाही, काही जणांच्या कॅन्सरवर ते प्रथिन नसतंच, आणि बरगडीवरचा एकटा फिका ठिपका याच्यातही फसवतो, खासकरून गॅलियमऐवजी फ्लोरिन वापरलेल्या एका औषधात. म्हणून पीएसए, बायोप्सी आणि बोन स्कॅनच्या फिल्म सगळं बरोबर न्या, वाचणाऱ्या डॉक्टरांना ते शेजारी ठेवून बघता आलं पाहिजे.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. आप्पांना आत्ता विचारलं, तर गेल्या दिवाळीच्या आधी गोठ्यात घसरून डाव्या कुशीवर पडले होते म्हणे, आठ दिवस कूस बदलता येत नव्हती आणि घरात कुणाला सांगितलं नाही!! डॉक्टरांना लगेच फोन केला, ते म्हणाले बरं झालं सांगितलंत, पण स्कॅन कराच, गाठींचंही बघायचंय. भावाला हा धागा वाचून दाखवला, गाडी तोच काढणार आहे. गुरुवारी सकाळची वेळ मिळालीय, आदल्या रात्रीच मुक्कामाला जातोय. पोरीला तिच्या आईबरोबर दोन दिवस मामाकडे पाठवतो.