पायातला स्टेंट: जखम भरली तरी गोळ्या चालूच

तुमच्या काकांच्या पायात स्टेंट (शीर उघडी ठेवणारी तारांची जाळीदार नळी) बसवलाय, आता जांघेतली जखम सुकली, चालताना पोटरी दुखत नाही म्हणजे आतली शीरही बरी झाली, असं तुम्ही वर लिहिलंय ते पटलं नाही. मांडीतल्या धमनीतला स्टेंट चालताना, गुडघा वाकवताना दबतो, पिळतो. त्यात पायाचा स्टेंट औषध लावलेला असेल तर त्यावर बहुतेक पॅक्लिटॅक्सेल हे औषध असतं, ते पेशींची वाढ रोखतं म्हणून शीर परत लवकर अरुंद होत नाही, पण तारांवर जे पातळ अस्तर चढायला हवं तेही त्याच औषधाने उशिरा चढतं आणि तोवर उघड्या तारेवर रक्त गोठायची भीती असते, म्हणून तर अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल देतात, दोन्ही रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या.

आणि स्टेंटास्टेंटात फरक आहे हो, झिल्व्हर पीटीएक्स नावाच्या स्टेंटवर पॉलिमर (औषध धरून ठेवणारा प्लास्टिकसारखा थर) नाही, औषध तुलनेने लवकर सुटतं, एलुव्हिया नावाच्या स्टेंटमध्ये ते पॉलिमरमधून वर्षभर हळूहळू येतं. आमच्या बाबांचा दात काढायचा होता तेव्हा फोंड्याच्या डेंटिस्टने आधी स्टेंटचं कार्ड (कुठला स्टेंट, कधी बसवला ते लिहिलेलं) मागितलं, बांबोळीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि गोळ्या चालू ठेवूनच दात काढला. तुमच्या काकांचं कार्ड शोधा, प्लीज, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्लोपिडोग्रेल थांबवू नका.