एकट्याचा खेळ?
लांब पल्ल्याचं धावणं हा एकट्याचा खेळ आहे, हे म्हणणं मला पूर्ण पटत नाही. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर आपलेच पाय पळतात हे खरं, पण सरावाच्या पहाटा घरच्यांकडून मागून घेतलेल्या असतात. मी तीन-तीन तास बाहेर असायचो तेव्हा मुलांचं सगळं बायको एकटी बघायची. हे लक्षात यायला मला फार उशीर झाला.

पहिल्या मॅरेथॉनची गोष्ट. साधारण ३० किलोमीटरनंतर शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेचा, साठा संपत येतो. पाय जड होतात आणि त्याहून वाईट म्हणजे मन चिडचिडं होतं. ३४व्या किलोमीटरला मुलगी कडेला उभी होती. पाण्याची बाटली पुढे केलेली, झाकण आधीच उघडून ठेवलेलं. मी तिच्यावर खेकसलो, "बाजूला हो!" ती मुकाट्याने मागे सरली.

तो आवाज मला ओळखीचा वाटला. ऑफिसातून दमून आल्यावर घरात मी त्याच आवाजात बोलायचो. शंभरेक पावलांवर थांबलो, मागे फिरलो आणि तिच्या हातून पाणी प्यायलो. दोन मिनिटं गेली, जाऊ देत.

आता लांबच्या सरावात शेवटचे ५ किलोमीटर ती सायकलवर सोबत असते.