इंडी गाण्यांचे व्हिडिओ: अर्थ गोष्टीत असतो की ठेक्यात?

(चौघांची ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

दुसरी मात्रा

कुठल्याही इंडी, म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेरच्या स्वतंत्र संगीताच्या, व्हिडिओवर बोलणं सुरू झालं की पहिला प्रश्न ठरलेला: "याचा अर्थ काय?" मग लाल म्हणजे राग, आरसा म्हणजे दुभंगलेलं मन, पक्षी म्हणजे स्वातंत्र्य अशी जुळवाजुळव होते. मला हे पटत नाही. चांगल्या व्हिडिओत अर्थ वस्तूंच्या मागे दडवलेला नसतो. चित्र गाण्याच्या ठेक्याशी कसं वागतं, तिथे तो सापडतो.

द व्हाइट स्ट्राइप्सचं उदाहरण घेते. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा दोघांचाच रॉक बँड: गिटारवर जॅक व्हाइट, ड्रम्सवर मेग व्हाइट, बेस गिटार वाजवायला कुणी नव्हतं. 'द हार्डेस्ट बटन टू बटन'चा 2003 चा व्हिडिओ फ्रेंच दिग्दर्शक मिशेल गाँद्रीने केला. मेग एक ठोका देते आणि शेजारी आणखी एक ड्रमसेट उगवतो. पुढच्या ठोक्याला ती त्या सेटवर. जॅकच्या अ‍ॅम्प्लिफायरचंही तेच. न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर, स्टेशनात ही रांग लांबत जाते. सारखे दिसणारे 32 ड्रमसेट खरोखर आणून, मांडून, चौकट चौकट करत हे टिपलंय.

मेगचं वाजवणं "अगदीच सोपं" म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ होते. गाँद्री स्वतः 'वी वी' नावाच्या फ्रेंच बँडचा ड्रमर होता. त्याने त्या सोप्या ठोक्याला जागा व्यापायला लावली. एरवी ठोका वाजतो आणि विरून जातो. इथे तो विरत नाही, रस्त्यावर वस्तू होऊन उभा राहतो. मेगच्या वाजवण्यावर याहून चांगली समीक्षा मी वाचलेली नाही.

त्याच सुमाराला गाँद्रीने केमिकल ब्रदर्स या इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या जोडीच्या 'स्टार गिटार'साठी आगगाडीच्या खिडकीतून दिसणारं दृश्य वापरलं. गाण्यात एखादा आवाज परत आला की खिडकीबाहेर तीच इमारत, तोच खांब परत येतो. गोष्ट नाही, पात्रं नाहीत. तरी दोन-तीनदा पाहिल्यावर गाण्याची बांधणी डोळ्यांना कळायला लागते.

कोरी कॅसेट

केमिकल ब्रदर्स इंडी नव्हेत, पण ते सोडू. माझी हरकत मुळावर आहे. 'हार्डेस्ट बटन'चे शब्द ऐकलेत का? जुनं घर, आई बाळंत झालीय, नवं बाळ आलंय, कुटुंबाची वीण कुठेतरी उसवलीय. त्यातलं व्हिडिओत काय उतरलं? ड्रम मोजण्यात गाणं हरवलं.

याचंच टोक म्हणजे ओके गो हा अमेरिकी बँड. 'हिअर इट गोज अगेन' (2006) जगाने पाहिला. आठ ट्रेडमिल, चार जण, एकच सलग शॉट, कॅमेरा जागचा हलत नाही. ट्रिश सीने बसवलेला तो नाच अफाट आहे, ग्रॅमीही मिळालं. पण शब्द किती जणांना आठवतात? पुढे 2016 मध्ये त्यांनी एका रशियन विमान कंपनीच्या विमानात वजनरहित अवस्थेत चित्रीकरण केलं. दरवेळी "हे कसं केलं असेल?" एवढाच प्रश्न उरतो. तो चमत्कृतीबद्दलचा प्रश्न झाला, गाण्याबद्दलचा नाही.

याच्यासमोर आपल्याकडच्या प्रतीक कुहाड या गायकाचा 'कोल्ड/मेस' ठेवा. दिग्दर्शिका दार गाय, अभिनय जिम सार्भ आणि झोया हुसेन यांचा. एका जोडप्याचं नातं, त्यातली ओढ आणि मोडतोड, बस्स. ठेक्याबरहुकूम काही उगवत नाही, पण दोन चेहऱ्यांमधलं अंतर कमीजास्त होताना गाणं समजतं. मला गोष्ट हवी, माणसं हवीत.

दुसरी मात्रा

शब्द ऐकलेत, म्हणूनच म्हणते. मेग नव्या सेटवर सरकली की आधीचा सेट रिकामा पडतो. प्रत्येक नव्या आगमनाने जुन्याची जागा जाते. घरात धाकटं भावंड आल्यावर थोरल्याचं जे होतं, तेच तर गाण्यात आहे! बाळ, पाळणा दाखवला असता तर ते फक्त सांगितलं गेलं असतं. इथे ते तुमच्यासमोर घडतं, दर ठोक्याला घडतं.

ओके गोबद्दल अर्धं मान्य. विमानातला व्हिडिओ मलाही पोकळ वाटतो. ट्रेडमिलचा मात्र नाही. "पुन्हा तेच सुरू झालं" म्हणणाऱ्या गाण्यात माणसं चालतायत, धावतायत आणि कुठेच पोहोचत नाहीत. यात चमत्कृती आणि अर्थ वेगळे काढून दाखवा.

पडद्यामागून

संकलन हे माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे यात एक भर. ठोक्यावर कट मारणं सगळ्यात सोपं, कुणीही मारतो. गाँद्रीचं वेगळेपण असं की त्याच्याकडे ठोक्याला चित्र *बदलत* नाही, *साठत* जातं. हा फरक लक्षात न घेता आपल्याकडची मुलं दर मात्रेला कट मारतात आणि त्याला शैली म्हणतात.

उसन्या शैलीचा प्रश्न तर याहून मोठा आहे. कोलकात्याची परेख अँड सिंग ही जोडी घ्या. 'आय लव्ह यू बेबी, आय लव्ह यू डॉल'चा मिशा घोषने केलेला व्हिडिओ: फिकट गोड रंग, मधोमध रेघ मारून दोन्ही बाजू सारख्या केल्यासारख्या चौकटी, नीटनेटके सूट. पाहता क्षणी अमेरिकी सिनेदिग्दर्शक वेस अँडरसन आठवतो. काम कमालीचं नेटकं आहे. पण कोलकात्याचा घाम, धूळ, गजबज सगळं पुसून टाकलंय. ही नजर त्या शहराची नाही.

कोरी कॅसेट

इथे मी उलट बाजूला. त्यांचं संगीतच तसं आहे: मऊ, बंदिस्त, इस्त्री केलेलं. त्याला हावडा पुलावरची गर्दी चिकटवली असती तर ते खोटं झालं असतं. कोलकात्याच्या मुलांनी कायम कोलकाताच दाखवावं, ही सक्ती का?

रात्रपाळी

सगळा वेळ चौकट, रंग, ठेका. कॅमेरा कुठे उभा आहे आणि त्याच्यासमोर कोण उभं आहे, याबद्दल कुणी बोलणार की नाही?

मुंबईच्या स्वदेशी या हिपहॉप मंडळींचं 'वारली रिव्होल्ट' पाहा. मुंबईतल्या आरे जंगलातल्या केलटीपाडा या आदिवासी पाड्याचे प्रकाश भोईर त्यात गातात. जंगल त्यांचं, आवाज त्यांचा. मराठीत रॅप आहे आणि राग खरा आहे. तुमच्या कसोटीवर त्यात विश्लेषण करण्याजोगं फार निघणार नाही कदाचित. पण ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेत रात्री करवती चालल्या, दोन हजारांवर झाडं गेली. हे गाणं त्याच्या आधीचं. त्या रात्रीनंतर व्हिडिओतली एकही चौकट बदलली नाही, तरी तो पूर्वीसारखा पाहता येत नाही. हा अर्थ कुठल्या ठेक्यात बसवणार?

दुसरी मात्रा

तो इतिहासाने दिलेला अर्थ आहे, शैलीने नव्हे. तीच घटना बातमीच्या चित्रफितीलाही तितकंच वजन देते. मग व्हिडिओ म्हणून त्याचं वेगळं काय?

रात्रपाळी

वेगळं हे की बातमीत आदिवासी माणूस बाइट देतो. वीस सेकंद, खाली नावाची पट्टी, की पुढची बातमी. इथे तो मुख्य गायक आहे, आणि रॅप करणारी शहरी पोरं त्याच्या घरी आलेली आहेत. कोण कुणाच्या अंगणात उभं आहे, ही निवड कुणीतरी जाणीवपूर्वक केली. तुम्ही ड्रमसेटच्या जागेवर दोन परिच्छेद लिहिलेत. माणसांच्या जागेलाही शैलीच म्हणा की.

पडद्यामागून

दुसरी मात्रा, याला उत्तर द्याच. मी गाँद्रीच्या बाजूने आलो होतो, पण हा मुद्दा सहज बाजूला सारण्यातला नाही.